लांब पल्ल्याची धाव : सराव, साधने आणि सुरक्षितता

पहाटे पाचच्या सुमारास राज्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावाबाहेरील रस्त्यावर पाहिले, तर धावणारी तरुण मंडळी दृष्टीस पडतात. कोणी पोलीस वा सैन्यभरतीची तयारी करीत असतो, कोणी एखाद्या मॅरेथॉनसाठी नाव नोंदविलेले असते, तर कोणाला वजन व रक्तातील साखर आटोक्यात ठेवण्याचा सल्ला डॉक्टरांनी दिलेला असतो. हेतू भिन्न असले, तरी एक गोष्ट बहुतेकांच्या बाबतीत समान आढळते. त्यांना मार्गदर्शन करणारे कोणी नसते. धावणे ही निसर्गदत्त क्रिया असल्याने ती शिकावी लागत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. चार पावले पळण्यास शिक्षण लागत नाही हे खरे. परंतु दुखापत न होता महिनोन्महिने धावत राहणे ही मात्र शिकण्याचीच गोष्ट होय.

हे न शिकल्याची किंमत कधी कधी फार मोठी असते. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीच्या वेळी ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीनंतर काही उमेदवारांना प्राणास मुकावे लागले. त्यानंतर चाचणीचे अंतर कमी करण्यात आले. अलीकडच्या पोलीस शिपाई भरतीत पुरुष उमेदवारांसाठी १६०० मीटर व महिला उमेदवारांसाठी ८०० मीटर धावणे ठेवण्यात आले आहे. तथापि, अंतर कमी झाले म्हणून तयारीची आवश्यकता कमी झाली, असे नव्हे. शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व क्षेत्रीय अधिकारी यांनी या विषयाची मूलभूत माहिती करून घेणे त्यामुळेच अगत्याचे ठरते.

मातीतील परंपरा

लांब पल्ल्याच्या धावण्याशी मराठी मुलखाचा संबंध जुना आहे. १९२० साली अँटवर्प येथे भरलेल्या ऑलिंपिक स्पर्धांसाठी जो छोटा भारतीय संघ पाठविण्यात आला, त्यामागे सर दोराबजी टाटा व पुण्याचा डेक्कन जिमखाना यांचे प्रयत्न होते. पुण्यातील शर्यतींत अनवाणी धावणाऱ्या शेतकरी तरुणांची चिकाटी पाहून दोराबजी प्रभावित झाले होते. या संघातील बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पूर्ण करून एकोणिसावा क्रमांक मिळविला.

ही परंपरा पुढील काळातही खंडित झाली नाही. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरील कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्यपदक पटकाविले. सातारा जिल्ह्यातील माण या दुष्काळी तालुक्यातील ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा येथील अविनाश साबळे यांनी २०२३ च्या हांगझू आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक जिंकले. साबळे स्पर्धात्मक धावण्याकडे वळले ते सैन्यात दाखल झाल्यानंतर. गुण गावातच होता; तो दिसण्यासाठी शिस्तबद्ध सरावाची जोड मिळावी लागली, एवढाच याचा अर्थ.

सरावाची तीन तत्त्वे

हौशी धावपटूने ध्यानात ठेवावयाचे पहिले तत्त्व सावकाशीचे आहे. आठवड्यातील बहुतांश धाव अशा गतीने व्हावी की, सोबत्याशी पूर्ण वाक्ये बोलता यावीत. बोलताना दम तुटत असेल, तर गती अधिक आहे असे समजावे. संथ धावण्याने हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक अधिक रक्त पुढे ढकलले जाऊ लागते, स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे वाढते आणि चरबीचा इंधन म्हणून वापर करण्याची शरीराची क्षमता सुधारते. रोज धापा टाकीत धावणाऱ्यास हा पाया लाभत नाही. थकवा मात्र साठत जातो.

दुसरे तत्त्व क्रमाक्रमाने वाढ करण्याचे. दम काही आठवड्यांत वाढतो. परंतु हाडे व स्नायुबंध बळकट होण्यास कित्येक महिने लागतात. नवशिक्याची फसगत होते ती येथेच. छाती साथ देत असते म्हणून तो अंतर वाढवीत जातो आणि नडगी किंवा टाच दुखू लागते. आठवड्याचे एकूण अंतर मागील आठवड्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याहून अधिक वाढवू नये आणि दर चौथ्या आठवड्यात ते थोडे कमी करावे, हा प्रशिक्षकांचा ठोकताळा यासाठीच आहे. नडगीच्या एकाच ठिकाणी बोट ठेवताच तीव्र वेदना होत असेल, तर हाडास सूक्ष्म तडा गेल्याची शक्यता असते. अशा वेळी धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. पट्टी बांधून धावत राहू नये.

तिसरे तत्त्व विश्रांतीचे. शरीर बळकट होते ते धावताना नव्हे, तर धावल्यानंतरच्या झोपेत व विसाव्यात. आठवड्यातून दोन दिवस विश्रांती घेणे हा आळस नसून सरावाचाच भाग होय.

आठवड्याचा आराखडा

जो ५ किलोमीटर न थांबता धावू शकतो व ज्यास १० किलोमीटरची शर्यत पूर्ण करावयाची आहे, त्याच्यासाठी पुढील आराखडा उपयुक्त ठरेल.

सोमवार : विश्रांती.
मंगळवार : ५ किलोमीटर संथ धाव.
बुधवार : धावणे नाही, बैठका, पोटऱ्यांचे, पोटाचे व पाठीचे व्यायाम.
गुरुवार : २ किलोमीटर संथ धाव, त्यानंतर ४०० मीटरच्या सहा जलद फेऱ्या, प्रत्येक दोन फेऱ्यांमध्ये दोन मिनिटे चालणे, अखेरीस १ किलोमीटर संथ धाव.
शुक्रवार : विश्रांती.
शनिवार : ४ किलोमीटर संथ धाव.
रविवार : ७ किलोमीटर लांब धाव, ती हळूहळू वाढवीत १२ किलोमीटरपर्यंत न्यावी.

आरंभी आठवड्याचे एकूण अंतर सुमारे २१ किलोमीटर होते. गुरुवारच्या जलद फेऱ्यांची कसोटी सोपी आहे. सहावी फेरी पहिल्या फेरीइतक्याच वेळात पूर्ण व्हावी. ती फार मागे पडत असेल, तर पहिली फेरी चुकीच्या गतीने धावली गेली, असे समजावे.

भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांनाही हाच क्रम लागू पडतो. घड्याळ लावून रोज १६०० मीटर जिवाच्या आकांताने धावणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. रोज परीक्षा देऊन अभ्यास होत नाही. संथ धावण्याचा पाया, आठवड्यातून एकदा वेगाचा सराव आणि दोन-तीन आठवड्यांतून एकदा वेळ लावून चाचणी, असा क्रम ठेवल्यास प्रगती टिकाऊ होते.

साधने : आवश्यक व अनावश्यक

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचे अबेबे बिकिला यांनी अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकली. चार वर्षांनी टोकियो येथे त्यांनी बूट घालून पुन्हा सुवर्णपदक मिळविले. बूट धावपटू घडवीत नाहीत, हे यावरून स्पष्ट व्हावे. तथापि, लहानपणापासून अनवाणी वावरलेल्याचे पाऊल वेगळे आणि पादत्राणांची सवय झालेले पाऊल वेगळे. अशा व्यक्तीने एकाएकी डांबरी रस्त्यावर अनवाणी धावणे धोक्याचे आहे.

बूट खरेदी करताना किमतीपेक्षा मापाकडे लक्ष द्यावे. दिवसभरात पाय किंचित सुजतात. म्हणून बूट सायंकाळी घालून पाहावेत. अंगठ्यापुढे साधारण बोटभर जागा असावी व टाच सरकू नये. धावण्याचे बूट साधारणपणे ५०० ते ८०० किलोमीटर चांगली साथ देतात. त्यानंतर वरून नवे दिसले, तरी तळाचा मऊपणा गेलेला असतो.

सुती बनियन घामाने व पावसाने जड होऊन अंगास घासते. त्याऐवजी लवकर वाळणारा कृत्रिम धाग्याचा सदरा बरा. काख व मांड्यांना खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावल्यास कातडी सोलवटत नाही. मुली व महिला यांच्यासाठी छातीला घट्ट आधार देणारे अंतर्वस्त्र बुटांइतकेच आवश्यक आहे. संकोचापोटी या विषयाची चर्चा होत नाही व अनेक मुली केवळ याच कारणाने धावणे सोडून देतात. शिक्षिकांनी याबाबत स्पष्टपणे बोलणे हितावह ठरेल. महागडी मनगटी घड्याळे मात्र सोयीची असली, तरी अनिवार्य नव्हेत.

अंधारात रस्त्यावर धावावे लागल्यास फिकट रंगाचे कपडे व प्रकाश परावर्तित करणारी पट्टी वापरावी. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात. म्हणून धावपटूने रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने धावावे. कानांत गाणी लावून रस्त्यावर धावू नये.

आहार, पाणी व ऊन

हौशी धावपटूस विशेष खुराकाची गरज नसते. ज्वारी-बाजरीची भाकरी, भात, डाळी, मोडाची उसळ, दूध किंवा अंडी, भाज्या व फळे यांतून आवश्यक ते सर्व मिळते. धावण्यापूर्वी एखादे केळे आणि नंतर गूळ-शेंगदाणे पुरेसे होतात. महिलांच्या बाबतीत रक्तक्षयाकडे विशेष लक्ष हवे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक महिलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. एखादी मुलगी सराव करूनही सतत दमत असेल, तर तिला आळशी ठरविण्यापूर्वी तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

पाण्याबाबत दोन्ही टोके टाळावयास हवीत. कमी पाणी पिणे जसे घातक, तसेच अति पिणेही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंची तपासणी करण्यात आली, तेव्हा त्यांपैकी १३ टक्के जणांच्या रक्तातील सोडियमचे प्रमाण धोकादायकरीत्या नव्हे तरी सामान्याहून कमी झाल्याचे आढळले. काहींच्या बाबतीत ते गंभीर पातळीस पोहोचले होते. तहान लागेल तसे पाणी प्यावे. एक तासाहून अधिक धावावयाचे असल्यास मीठ-साखरेचे पाणी उपयोगी पडते. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हे त्याचे प्रमाण होय.

सर्वांत मोठा धोका उन्हाचा. शरीरास उष्ण हवामानाची सवय होण्यास साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर अंतर व वेग दोन्ही कमी करावेत. धावणारा अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला व त्याचे अंग तापलेले असेल, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. परंतु ती येईपर्यंत वाट पाहत बसू नये. रुग्णास सावलीत नेऊन थंड पाण्याच्या हौदात वा टाकीत डोके वर धरून बसवावे. ते शक्य नसल्यास अंगावर सतत पाणी ओतून वारा घालावा. आधी थंड करणे, मग हलविणे, हा नियम प्रत्येक क्रीडाशिक्षकास पाठ असला पाहिजे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. धावताना छातीत दुखणे, चक्कर किंवा शुद्ध हरपणे, तसेच घरात कोणाचा तरुण वयात आकस्मिक मृत्यू झालेला असणे, यांपैकी काहीही असल्यास वैद्यकीय तपासणीशिवाय स्पर्धेत उतरू नये.

स्पर्धेचा दिवस

मॅरेथॉनचे अधिकृत अंतर ४२.१९५ किलोमीटर, तर अर्धमॅरेथॉनचे त्याच्या निम्मे असते. राज्यात १९८३ पासून पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन व २००४ पासून मुंबई मॅरेथॉन यांनी हौशी धावपटूंस मोठे व्यासपीठ मिळवून दिले. २०१२ साली सुरू झालेल्या सातारा हिल अर्धमॅरेथॉनमुळे यवतेश्वर घाटाचा चढ राज्याबाहेरील धावपटूंसही परिचित झाला.

नवशिक्याने प्रथम ५ व १० किलोमीटर, त्यानंतर अर्धमॅरेथॉन आणि किमान वर्ष-दोन वर्षांच्या नियमित सरावानंतरच पूर्ण मॅरेथॉन, असा क्रम ठेवावा. स्नायू व यकृत यांत साठविलेली शर्करा साधारणतः तीस किलोमीटरच्या आसपास संपत येते. सुरुवातीस जोशात धावलेला स्पर्धक तेथेच गळून पडतो. मुंबईच्या मार्गावर पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर याच थकलेल्या अवस्थेत येतो व आरंभीच्या घाईचा हिशेब तेथे चुकता होतो. शर्यतीपूर्वीचे दोन आठवडे अंतर कमी करावे, नवे बूट वा नवा पदार्थ त्या दिवशी वापरू नये आणि पहिला टप्पा मुद्दाम संथ ठेवावा.

गावाचे मैदान

वरील सर्व सूचना व्यर्थ ठरतात, जर धावण्यासाठी सुरक्षित जागाच नसेल. महामार्गाच्या कडेने अंधारात धावणारे तरुण हौसेने तेथे जात नाहीत. गावात जागा नसते म्हणून जातात. ४०० मीटरचा धावनमार्ग प्रत्येक गावास शक्य नाही. परंतु २०० मीटरचा मार्ग सुमारे ९० मीटर लांब व ३० मीटर रुंद, म्हणजे साधारण २७ गुंठे जागेत बसतो. ६० मीटरच्या दोन समांतर सरळ रेषा आखाव्यात. त्यांची टोके जोडणारी दोन अर्धवर्तुळे १२.७३ मीटर त्रिज्येची काढावीत. खुंटी, दोरी, मोजपट्टी व चुन्याची फक्की एवढ्या साहित्यात शाळेतील मुलेही गुरुजींच्या देखरेखीखाली हे काम करू शकतात आणि त्यांच्या भूमितीच्या पुस्तकातील वर्तुळाचा परीघ जमिनीवर उतरतो. आठ फेऱ्यांत १६०० मीटर व पंचवीस फेऱ्यांत ५ किलोमीटर पूर्ण होतात. वळणे अरुंद असल्याने एकाच पायावर ताण येऊ नये म्हणून सरावात दिशा आलटून पालटून बदलावी.

मार्गावरील दगड वेचून मुरूम पसरून दाबून घ्यावा, पावसाचे पाणी वाहून जाण्यास कडेने चर खणावा, एक-दोन दिवे व पाण्याची टाकी बसवावी. दिव्यांमुळे मुलींना पहाटे व सायंकाळी निर्धास्तपणे येता येईल, तर ती टाकी पिण्याच्या पाण्यासाठी आणि प्रसंगी उष्माघाताच्या रुग्णासाठीही उपयोगी पडेल. शाळेचे पटांगण असल्यास सकाळी शाळा भरण्यापूर्वी त्याचे फाटक उघडे ठेवण्याचा ठराव ग्रामसभा व शाळा व्यवस्थापन समिती यांनी संमत करावा आणि किल्ली कोणाकडे राहील, हेही त्यातच नमूद करावे. अनेक ठिकाणी मैदान असते. अडते ते किल्लीपाशी.

सावरपाडा, माण व आष्टी यांनी देशास धावपटू दिले, ते सुविधा होत्या म्हणून नव्हे. प्रत्येक धावणाऱ्यास पदक मिळणार नाही आणि तशी अपेक्षाही नाही. परंतु पहाटे घराबाहेर पडलेला मुलगा वा मुलगी सुखरूप घरी परतावी, एवढी व्यवस्था करणे प्रत्येक गावाच्या आवाक्यात आहे. तिचा प्रारंभ दोरी व चुन्याच्या फक्कीने करता येतो.