पिशवी सगळ्यांना

आम्ही दोघं नवरा-बायको बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, कोकणातल्या जुन्या लोकांच्या भाषेत शनवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. घरात मराठी, आडनावाच्या शेवटी ‘कर’, आणि सिनेगॉग पुण्याच्या रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो. २०११च्या जनगणनेत साऱ्या भारतात यहुदी भरले ४,६५०, त्यांतले निम्म्याहून जास्त महाराष्ट्रात. एवढ्याशा समाजात मदतीचं काम करायचं म्हणजे देणारे आणि घेणारे एकमेकांच्या लग्नात जेवलेले असतात. आमच्यात हे हिशेब बघतात, मी माणसं बघते. त्यातून जे कळत गेलं, ते लिहून ठेवते आहे.

१. पैसा मिळतो, दहावा माणूस मिळत नाही.
सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. आम्ही त्याला मिनियान म्हणतो. वडिलांच्या आठवणीची प्रार्थना, कद्दिश, म्हणायला मुलगा लांबून येतो, नऊ जण जमतात आणि घड्याळाकडे बघत बसतात. अशा वेळी हे फोनवर बसतात. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाला आता जिना उतरवत नाही, कुणाची मुलं सगळी इस्राएलात, अश्दोद नाहीतर दिमोनाला. मग रिक्षा पाठवायची, माणसाला हात धरून आणायचं, परत घरी सोडायचं. ते रिक्षाभाडं कुठल्याच पावतीपुस्तकात दिसत नाही, पण माझ्या हिशेबी ती वर्षातली सगळ्यात मोलाची देणगी.

२. इमारतीला पैसा लवकर येतो, रक्तदाबाच्या गोळ्यांना उशिरा.
परदेशातून येणारी मंडळी भली असतात. रंगकाम, छप्पर, झुंबर यांना लगेच हो म्हणतात, कारण त्याचा फोटो निघतो. एकट्या राहणाऱ्या मावशीच्या महिन्याच्या औषधांचा फोटो कसा काढणार? माझा देणाऱ्याच्या नावाच्या पाटीला विरोध नाही. पुण्यात राहून तो करताही येणार नाही. बगदादी यहुदी व्यापारी डेव्हिड ससून १८६४ साली पुण्यातच वारले. कॅम्पातलं ओहेल डेव्हिड सिनेगॉग, म्हणजे आपलं लाल देऊळ, आणि स्टेशनाजवळचं ससून रुग्णालय, दोन्ही कामं पुरी झाली १८६७ मध्ये. देणाऱ्यानं दोन्हींपैकी एकही पूर्ण झालेलं पाहिलं नाही. त्यांची कबर लाल देवळाच्याच आवारात आहे. पुढे १९२४च्या जानेवारीत गांधीजींचं ॲपेंडिक्सचं ऑपरेशन झालं ते याच ससूनमध्ये. आज ‘ससूनला नेलंय’ म्हणणाऱ्या पुणेकराला ते बगदादी यहुद्याचं नाव आहे हे बहुधा ठाऊकही नसतं, आणि त्यानं काही बिघडत नाही. (खरं सांगायचं तर त्या काळी बगदादी मंडळी आम्हा बेने इस्राएलांना फारशी जवळ करत नसत. रास्ता पेठेतलं आमचं स्वतःचं सिनेगॉग तर १९२१चं. तरी आजारपणात ससूनचा दरवाजा सगळ्यांना सारखाच होता.) ससूनांचा पैसा जिथे रोग होता तिथे गेला, एवढंच मी पाहुण्यांना सांगते. काही जण समजतात. काही जण झुंबराचाच भाव विचारतात.

३. घेणाऱ्याला घेणारा म्हणून वेगळं काढू नये.
बाराव्या शतकातल्या मायमोनिदीस या धर्मपंडितानं दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सगळ्यात वरची पायरी म्हणजे माणसाला कामधंद्याला लावणं, आणि तिच्या खालची म्हणजे देणाऱ्याला घेणारा आणि घेणाऱ्याला देणारा ठाऊक नसणं. पुण्यात ही दुसरी पायरी आम्हाला चढता येत नाही, कारण सगळे सगळ्यांना ओळखतात. म्हणून पेसाहच्या सणाआधी आम्ही पिशवी सगळ्यांना देतो, बंगल्यातल्यांनाही. बिनखमिराची रोटी, तांदूळ, खजूर, शरबतासाठी काळ्या मनुका. प्रत्येक पिशवी सारखीच. ज्यांना गरज नसते ते पिशवी ठेवून घेतात आणि नंतर गुपचूप पाकीट देतात. त्या पाकिटांतून पुढच्या वर्षीच्या निम्म्या पिशव्या भरतात. ‘श्रीमंतांना कशाला?’ असं दर वर्षी कुणीतरी विचारतंच. हे उत्तर देत नाहीत, त्याच्याही हातात एक पिशवी ठेवतात.

४. मदतीच्या चेकवर नवरा-बायकोच्या दोन सह्या नकोत.
दुसरी सही दुसऱ्या घरातली हवी. विश्वासाचा प्रश्न वेगळा, पण लहान समाजात कुजबुज फार लवकर पसरते. शिवाय जेवताना भांडण टळतं.

५. सभेला चार जण येतात, मलिद्याला सगळे.
भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, भोवती फळं, आणि एलियाहू हानाबी या प्रेषिताचं स्मरण. कुणाला नोकरी लागली, कुणी दुखण्यातून उठलं की घरी मलिदा होतो. कोण बारीक झालंय, कुणाची साडी तीच ती आहे, कोण फळ न खाता रुमालात बांधून नेतंय, हे मला तिथेच कळतं. गरज अर्जावर लिहून मागणारी माणसं आमच्यात थोडी. सणाला सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, बाहेर काढण्याच्या मानाची बोली लागते तेव्हा खर्चाचा भार थोडा हलका होतो, पण खरी यादी मलिद्याच्या ताटाभोवतीच तयार होते.

६. फाटकावरच्या माणसालाही आपलं समजावं.
२००८ साली मुंबईत नरिमन हाउस या यहुदी केंद्रावर हल्ला झाला आणि २०१०च्या फेब्रुवारीत इथे कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत स्फोट. तेव्हापासून सिनेगॉगच्या फाटकावर बंदोबस्त आहे. चहा आतून जातो.

७. कागदसुद्धा समाजाचं धन आहे.
घर बंद करून इस्राएलला निघालेली माणसं आधी भांडी वाटतात, मग पुस्तकं रद्दीत घालतात. १८७४ साली याच पुण्यात हिब्रू-मराठी हागादा, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायची पोथी, शिळाछापावर छापली गेली. तिच्या चित्रांत पेसाहचं जेवण करणाऱ्या बायका साड्या नेसलेल्या आहेत. १८८०च्या दशकात आमच्यात मराठी कीर्तनं होऊ लागली, मोशे आणि योसेफाच्या आख्यानांवर. त्या कीर्तनांच्या हातानं लिहिलेल्या वह्या अजून कुठल्या कुठल्या माळ्यावर आहेत. मलिद्याचे जुने फोटो, केतुबा म्हणजे लग्नाचे करारनामे, आजीच्या बिरड्याच्या पाककृती, सगळंच आम्हाला हवं आहे. तुमच्या घरात, किंवा तुम्ही घेतलेल्या एखाद्या जुन्या यहुदी कुटुंबाच्या जागेत असं काही सापडलं, तर रद्दीवाल्याला बोलावण्याआधी रास्ता पेठेतल्या सिनेगॉगमध्ये एक निरोप द्या. आम्ही येऊन घेऊन जाऊ.