घरी पाठवण्याआधी रस्ता विचारा

एमबीबीएस होऊन पहिल्यांदाच एकट्याने ओपीडी सांभाळणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. बंधपत्राच्या सेवेसाठी मी भंडारदऱ्याच्या परिसरात आले, तेव्हा हे मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

वैद्यकीय महाविद्यालयात रुग्ण आणि डॉक्टर यांच्यात फार तर एक व्हरांडा असतो. 'पोट दुखतंय ना, बघू थोडा वेळ' असं म्हटलं की तो थोडा वेळ वॉर्डातच जातो. कुणी ना कुणी येऊन नाडी बघतं, रक्तदाब बघतं. भंडारदऱ्याला हेच म्हटलं की रुग्ण उठून घरी जातो. घर म्हणजे साम्रद, घाटघर, रतनवाडी, कोलटेंभे, नाहीतर त्यांच्याही पलीकडची एखादी वाडी. विल्सन धरण 1926 साली पुरं झालं, तेव्हापासून या गावांचा रस्ता पाण्याला वळसा घालूनच जातो. आषाढात झाड आडवं पडलं, ओढ्याला पाणी आलं की तोही बंद. कितीतरी वाड्यांवर फोनला रेंज नसते. 'त्रास वाढला तर या' हे वाक्य तिथे औषधाच्या चिठ्ठीवर लिहून भागत नाही. म्हणून प्रत्येक रुग्णाला घरी सोडण्याआधी मी विचारू लागले: कसे जाणार, सोबत कोण आहे, रात्री त्रास वाढला तर गाडी कुणाची? उत्तर समाधानकारक नसेल, तर निदान साधं असलं तरी रुग्णाला संध्याकाळपर्यंत ठेवून घ्यायचं.

हा धडा ज्या सकाळी पक्का झाला ती सांगते. भाताच्या आवणीचे दिवस होते. दहा-बारा वर्षांचा मुलगा, पहाटेपासून पोटात कळा आणि दोन उलट्या. वाटेत एका ठिकाणी पोटदुखीची सुई घेऊन, 'पित्त आहे, घरी न्या' असं ऐकून आजी त्याला परत नेत होती. जीपवाल्याला पोराचा चेहरा बरा वाटला नाही, म्हणून त्याने गाडी आमच्या दारात उभी केली. पोट मऊ, ताप नाही, नाडी ठीक. मी पोटच तपासत होते. आमच्या सिस्टर मात्र त्याच्या डोळ्यांकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, "बाळा, रात्री खाटंवर झोपला होतास का खाली?" आजीच म्हणाली, "खालीच झोपतो आम्ही सगळी." सिस्टरांनी त्याला वर बघायला सांगितलं. डाव्या डोळ्याची पापणी अर्ध्यावरच थांबली. थुंकीही गिळता येत नव्हती.

मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात इतके बारीक की दुखत नाही, सूज येत नाही, खूणही बहुधा सापडत नाही. पहाटेची पोटदुखी, मग जड पापण्या, मग गिळायला त्रास आणि शेवटी श्वास मंदावतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं माणूस पहाटे पोट धरून आलं, तर मण्यार नाही याची खात्री होईपर्यंत त्याला सोडू नका. आम्ही अ‍ॅड्रेनालीन भरून जवळ ठेवलं आणि सर्पविषविरोधी लशीच्या दहा कुप्या सलाईनमधून सुरू केल्या. मूल लहान म्हणून मात्रा कमी करायची नसते, कारण साप विष मोजून टाकत नाही. पण मण्यारीच्या विषाने स्नायू एकदा लुळे पडले की लशीने ते लगेच सुधारत नाहीत. तिथून पुढे रुग्ण वाचतो तो श्वासावर. 108 नंबरची गाडी बारीवरून घोटीकडे निघाली, तेव्हा मी मागे बसून अंबू बॅग दाबत होते. तीन-चार सेकंदांनी एकदा, छाती वर येते का ते बघत. वळणावर मास्क सुटतो, म्हणून एकाने दोन्ही हातांनी तो चेहऱ्यावर धरायचा आणि दुसऱ्याने बॅग दाबायची. ही गोष्ट मला गाडीतल्या डॉक्टरांनी त्या घाटात शिकवली. मुलगा काही दिवस व्हेंटिलेटरवर राहिला आणि बरा होऊन घरी गेला.

आधीच्या ठिकाणी ज्यांनी त्याला परत पाठवलं, त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही. साडेचार वर्षांचं शिक्षण आणि वर्षभराची इंटर्नशिप झाली की आपण मुलांना एकटं सोडतो. त्यातलीही इंटर्नशिप पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या अभ्यासात जाते, आणि सध्याच्या स्पर्धेत त्यांना दोष तरी कसा द्यायचा? ब्रिटनमध्ये जनरल प्रॅक्टिशनर व्हायचं तर आधी पायाभूत प्रशिक्षण आणि मग अनुभवी डॉक्टरांच्या देखरेखीखाली निदान तीन वर्षं काढावी लागतात. आपल्याकडे फॅमिली मेडिसिनचा तीन वर्षांचा डीएनबी अभ्यासक्रम आहे, पण प्रॅक्टिस सुरू करायला तो सक्तीचा नाही. तेव्हा ज्येष्ठ डॉक्टर शेजारी नसेल, तर शिकवणारं माणूस आपणच शोधायचं.

ते बहुतेक वेळा आपल्या आधीपासून तिथेच असतं. याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये काम सुरू केलं. गावातल्या बायकांना, त्यांतल्या कित्येक निरक्षर, त्यांनी आरोग्याचं काम शिकवलं आणि त्यांच्याकडून गावही समजून घेतलं. सिस्टर, आशाताई, गाडीचा ड्रायव्हर यांना दर वर्षी बदलणारे डॉक्टर पाहायची सवय असते. न विचारता ते सांगायला येत नाहीत. पहिल्याच आठवड्यात त्यांच्यासोबत धरणाला एक फेरी मारा. कुठल्या वाडीत गाडी जात नाही, कुणाची बाई दिवसांत आहे आणि तारखेआधी तिला खाली आणून ठेवावं लागेल, हे कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही.

दुसरं शिकवणारं माणूस म्हणजे रुग्ण, पण त्यासाठी लिहून ठेवावं लागतं. डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात होते. विंचू चावलेली माणसं डोळ्यांदेखत दगावत होती. ते खाटेशी बसून राहिले. उलटी, घाम, गार पडलेले हातपाय, रक्तदाब यांची नोंद ठेवत गेले. 1982 मध्ये ती निरीक्षणं 'लॅन्सेट'मध्ये आली. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, स्वस्त औषध त्यांनी विंचूदंशावर वापरात आणलं. हाताशी खेड्यातलं आरोग्य केंद्र आणि कागद-पेन, एवढंच होतं.

'सुई द्या, सलाईन लावा' हा आग्रह रोज होईल. शेजारचा देतो म्हणून तुम्ही देऊ नका. आवणीत दिवसभर चिखलात उभ्या असलेल्या माणसाला ताप, पोटऱ्या दाबल्या की कळ आणि डोळे लाल, तर लेप्टोचा विचार आधी करा आणि लघवी कमी झाली का ते विचारा. तापाची सुई घेऊन तो दोन दिवस बरा वाटून पुन्हा खाचरात उतरला, तर येईल तेव्हा कावीळ घेऊन येईल.

पुढे पाठवताना नुसतं 'रेफर' लिहू नका. पापणी किती वाजता पडली, लस किती वाजता सुरू केली, किती कुप्या गेल्या हे चिठ्ठीवर लिहा आणि गाडी हलायच्या आत पुढच्या डॉक्टरांना फोन करा, कारण घाटात रेंज जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून काय झालं ते विचारा.

आणि हे सगळं एका वहीत असू द्या. बंधपत्राचं वर्ष संपलं की आपण निघून जातो आणि नवा डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. मी निघताना वहीत लिहून दिलं: पावसात कुठला ओढा आधी भरतो, रात्री हाक मारली तर कुणाची जीप निघते, कुठल्या टेकाडावर रेंज येते, लशीच्या कुप्या कुठल्या महिन्यात कालबाह्य होतात, आणि लहान मुलांचा अंबू मास्क कुठल्या कपाटात आहे.