दान आणि आहेराची वही

मुक्ताईनगरहून निघणारी मुक्ताबाईंची पालखी बुलढाणा, जालना, बीड अशी आमच्या मराठवाड्यातून पंढरीस जाते. वाटेवर दिंडीला पंगत घालायची म्हटले, की धावड्यासारख्या गावचा कोरडवाहू शेतकरीदेखील कणगीतून दाणे काढतो. ज्याला जेवू घालायचे तो उद्या पुढच्या मुक्कामी. पुन्हा भेटेलच असे नाही. मग हा देतो तरी कशासाठी?

हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला. प्रत्येक जीव स्वतः जगण्यासाठी झटतो, तर तोंडचा घास दुसऱ्याला देण्याची बुद्धी टिकली कशी? १९६४ साली हॅमिल्टन यांनी दाखविले, की रक्ताच्या नात्यात दिलेले वाया जात नाही. आपल्याच वंशाचा अंश तेथे असतो. १९७१ साली ट्रिव्हर्स म्हणाले, परक्याला दिलेलेही पुढे अडीअडचणीला परत येते. विल्किन्सन यांनी १९८४ साली रक्त पिणाऱ्या वटवाघळांची हकीकत प्रसिद्ध केली. हा प्राणी दोन-तीन रात्री उपाशी राहिला तर मरतो. तेव्हा पोट भरलेले वटवाघूळ उपाशी सोबत्याला आपल्या पोटातले रक्त ओकून पाजते. पण ते बहुधा नात्यातल्याला, नाहीतर रोजच्या सोबत्याला. आपली शेतातली सावड हीच की! लग्नातला आहेर तर आपण वहीत मांडूनच ठेवतो.

तिसरे कारण नावलौकिकाचे. देवळातला पंखा पाहा, तिन्ही पात्यांवर दात्याचे नाव. पंखा फिरू लागला म्हणजे वाचता येत नाही, तेवढेच बरे!

आणि मनाचे काय? २००८ साली कॅनडातील एका प्रयोगात काही लोकांना थोडे पैसे दिले. कोणी ते स्वतःवर खर्चायचे, कोणी दुसऱ्यावर. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्चणारे अधिक आनंदी आढळले. यावर कोणी म्हणेल, मग दानही स्वार्थच झाला. आम्हांस तसे वाटत नाही. देऊन सुख वाटते हा स्वभाव झाला. कोणाला द्यायचे हे ठरविणे आपल्या हाती राहते.

तुकोबांचे घर सावकारीचे. १६३० च्या दुष्काळात घरची माणसे अन्नावाचून गेली. पुढे त्यांनी कर्जखते काढली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली, असे चरित्रकार सांगतात. ऋणको ना सोयरे, ना परतफेड करणारे, आणि येणे सांगणारा कागदही उरला नाही. धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाट्याची खते मात्र तुकोबांनी नदीत टाकली नाहीत. ती त्यांच्या हाती दिली.