घरात फोन एक, ओटीपी आईचा

सोलापुरात विडी आणि यंत्रमागावर चालणाऱ्या अनेक घरांत स्मार्टफोन एकच असतो आणि तो सगळ्यांचा असतो. सकाळी आई कारखान्यात विड्या द्यायला निघाली, की फोन मुलांच्या हातात येतो. मुलगी पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड त्यावरच स्कॅन करते. हे कोड घराघरांत पोहोचवण्यात याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी अग्रेसर होते आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझही मिळालं. विडी कामगारांच्या मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा, तोही याच फोनवरून. ‘लाडकी बहीण’ योजनेचे दीड हजार बँकेत जमा झाल्याचा मेसेज इथेच येतो आणि ई-केवायसीचा ओटीपीही इथेच.

म्हणजे सगळा व्यवहार आईच्या नावाचा, पण फोनवर हुकमत दुसऱ्याच कुणाची. नीलम नगर भागातल्या एका घरात नेमकं हेच घडलं.

आई विड्या वळते, घरात तेलुगू बोलतात, मुलं मराठी शाळेत शिकलेली. बारावीतल्या मुलाने नव्या पेठेतून सात-आठ हजारांचा फोन आणला. पैसे आईच्या बचतीतले, सिमकार्डही तिचंच. फोन सुरू करताना गूगलचा ईमेल मागितला गेला; मुलाने स्वतःचा टाकला. मग सेटिंगमध्ये जाऊन त्याने आईसाठी वेगळा यूजर तयार केला, ‘अम्मा’ असं नाव दिलं आणि भाषा तेलुगू ठेवली. त्यात त्याची माया होती. पहिल्यांदाच फोनवर स्वतःची जागा मिळाल्याने आईलाही बरं वाटलं.

अडचण यूपीआय सुरू करताना आली. ‘अम्मा’मध्ये पैसे पाठवण्याचं अ‍ॅप उतरलं, पण नंबरची पडताळणी होईना. बँकेचा मेसेज यायचा तो मुलाच्या बाजूला. मग ओटीपी आला की यूजर बदलायचा, मुलाला आकडे वाचायला सांगायचं, परत यायचं. तोवर मुदत संपलेली. शेवटी अ‍ॅप मुलाच्याच बाजूला सुरू झालं, पिनही त्यालाच सांगितला गेला. आईच्या खात्यात किती शिल्लक आहे, हे आईच्या आधी मुलाला कळू लागलं.

त्याहून मोठा घाव पुढे बसला. फोन भरून गेला, नवं अ‍ॅप बसेना. मुलाने ‘अम्मा’ हा यूजर काढून टाकला. आपण फक्त लॉग-आउट करतोय, पुन्हा नाव टाकलं की सगळं परत दिसेल, अशी त्याची समजूत होती. नातीच्या बारशाचे फोटो, आंध्रातल्या बहिणीने पाठवलेले व्हॉइस मेसेज, सगळं गेलं. बॅकअप चालू केलेलाच नव्हता.

मुलाचा हेतू वाईट नव्हता, फोनही बिघडलेला नव्हता. ही सोय कशी चालते, ते त्या घराला कुणी सांगितलंच नव्हतं.

अँड्रॉइडमध्ये एकाहून अधिक यूजर ठेवण्याची सोय २०१२ साली आधी टॅबलेटवर आली आणि २०१४ साली अँड्रॉइड ५ बरोबर फोनवर. प्रत्येक यूजरची अ‍ॅप्स, फोटो आणि लॉक वेगळं असतं. वायफाय, सिम, डेटा पॅक मात्र सगळ्यांत एकच. सगळे यूजर एका दर्जाचे नसतात, ही यातली कळीची गोष्ट. फोन पहिल्यांदा ज्याच्या ईमेलने सुरू होतो तो मालक. नवा यूजर जोडणं, काढून टाकणं, त्याला कॉल आणि मेसेजची मुभा देणं हे सगळं मालकाच्या हातात. दुसऱ्याचे फोटो मालकाला पाहता येत नाहीत, पण पुसून टाकता येतात.

म्हणून घरातल्या एकाच फोनवर मालक कोणी व्हायचं, हा प्रश्न ‘फोन कोणाला चांगला कळतो’ यावर सुटता कामा नये. सिम आणि बँकेचं खातं जिचं, तीच मालक. आईला टाइप करता येत नसेल तर मुलीने शेजारी बसून आईचा ईमेल उघडून द्यावा, पासवर्ड कागदावर लिहून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावा. मुलं दुसरा यूजर वापरतील. त्यांचं काही अडत नाही. अभ्यास, व्हिडिओ, गेम यांना मेसेज लागत नाहीत.

कॉल आणि मेसेजचं बटण नव्या यूजरसाठी मुळात बंद असतं आणि ते बंदच राहू द्यावं. ते चालू केलं की कॉलची यादी आणि एसएमएस त्या यूजरलाही दिसतात, म्हणजे बँकेचे ओटीपीसुद्धा. यूपीआय अ‍ॅप सुरू होताना फोनमधल्या सिमवरून बँकेकडे एक मेसेज जातो आणि नंबर त्या फोनशी जोडला जातो. मेसेजची मुभाच नसलेल्या यूजरमध्ये ते अडतं, तेच ‘अम्मा’चं झालं. पैशांची सगळी अ‍ॅप्स मालकाच्याच बाजूला हवीत.

आता खरेदीबद्दल. स्वस्त फोनमध्ये ही सोय असेलच असं धरून चालू नये. सॅमसंगच्या फोनवर ती दिलेली नसते, त्यांच्या टॅबलेटवर असते. शाओमीने बऱ्याच फोनवर ‘सेकंड स्पेस’ नावाने तिचा वेगळा अवतार दिला. कमी रॅमच्या फोनसाठीच्या अँड्रॉइड गोमध्ये १२व्या आवृत्तीपासून लॉक स्क्रीनवरूनच यूजर किंवा पाहुणा निवडता येईल, असं गूगलने २०२१ च्या डिसेंबरमध्ये जाहीर केलं होतं. तरी दुकानात फोन हातात घेऊन सेटिंगच्या शोधखिडकीत ‘यूजर’ टाकावं आणि पर्याय दिसतो का ते पाहावं. दुकानदार घाई करील, करू द्यावी. ३२ जीबीच्या फोनवर दोन यूजर दाटीवाटीने राहतात. ६४ जीबी असेल तर श्वास घेता येतो. दोन जीबी रॅमवर यूजर बदलताना फोन अडखळतो, हेही आधीच माहीत असावं.

सोय नसेलच, तर ‘अ‍ॅप पिनिंग’ वापरावं. एक अ‍ॅप पडद्यावर अडकवून फोन मुलाच्या हातात द्यायचा आणि बाहेर पडताना पिन मागण्याचा पर्याय चालू ठेवायचा. सोय असेल आणि शेजारणीला थोडा वेळ फोन द्यायचा असेल, तर पाहुणा यूजर पुरे. तो बंद करताना त्यातलं सगळं पुसलं जातं.

२०१८ मध्ये संशोधक नित्या संबासिवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या सुमारे दोनशे बायकांशी बोलून एक अभ्यास मांडला. फोन घरात फिरतो हे या बायकांनी गृहीत धरलं होतं आणि तरीही आपलं खासगीपण जपण्याच्या वाटा त्यांनी शोधल्या होत्या: एखाद्या अ‍ॅपला कुलूप, एखादाच मेसेज किंवा फोटो पुसणं. अख्खा फोन लॉक केला तर घरात संशय येतो. वेगळा यूजर इथे उपयोगी पडू शकतो, पण ‘तुझं काय लपवायचंय?’ या प्रश्नाला तो उत्तर देत नाही. ते उत्तर घरातल्या बाकीच्यांनीच द्यायला हवं: आईच्या यूजरचं लॉक आईलाच माहीत, आणि त्यावर चर्चा नाही.

नीलम नगरच्या त्या घराने पुढे फोन पूर्ण पुसून नव्याने सुरू केला. तसं करण्याआधी प्रत्येक यूजरमध्ये जाऊन फोटोंचा बॅकअप वेगवेगळा घ्यावा लागतो. मालकाचा बॅकअप बाकीच्यांना पुरत नाही. जुना ईमेल आणि पासवर्डही हाताशी ठेवावा. रिकव्हरीतून फोन रीसेट केला तर तो आधीच्याच मालकाचा ईमेल मागतो, आणि मुलगा तेव्हा पुण्याच्या वसतिगृहात असेल तर फोन उघडत नाही. सेटिंगमधून आधी तो ईमेल काढून मग रीसेट करावं. या खेपेला पहिल्या पडद्यावर आईचा ईमेल टाकला गेला, भाषा तेलुगू ठेवली गेली, आणि मुलांसाठी मराठीतला दुसरा यूजर उघडला, मेसेजचं बटण बंद ठेवून.