हेलिकॉप्टरचा शिक्षक कसा घडतो

आपल्या न्यासाच्या शिष्यवृत्ती समितीपुढे येणाऱ्या अर्जांत अलीकडे वैमानिक होऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींचे अर्ज दिसू लागले आहेत. त्यांच्या वडीलमंडळींशी बोलताना एक समजूत वारंवार आढळते. मुलगा वैमानिक झाला तर घरात पेढे वाटले जातील; परंतु पुढे कधी तो वैमानिकांचा शिक्षक झाला, तर त्याचे काहीतरी हुकले असावे, असे आप्तेष्टांस वाटते. ज्यास स्वतःला जमत नाही तो मास्तर होतो, ही आपल्या समाजातील जुनी आणि आमच्या मते अत्यंत अन्यायाची समजूत येथेही आड येते. हैदराबादकरांनी तरी ती बाळगू नये. कारण आपल्या शहराच्या उत्तरेस हकीमपेठ येथे भारतीय हवाई दलाची हेलिकॉप्टर प्रशिक्षण शाळा आहे. आपल्या डोक्यावरून जाणाऱ्या त्या लहान हेलिकॉप्टरांपैकी पुष्कळांत एक शिकणारा आणि एक शिकविणारा असे दोघे शेजारी बसलेले असतात. त्या दुसऱ्या माणसाविषयी आम्ही येथे चार शब्द लिहीत आहोत.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. विमानास पंख असतात व ते पुढे धावल्यावर पंखांखाली जो आधार मिळतो त्यावर ते तरंगते. हेलिकॉप्टरचे पंख डोक्यावर फिरतात. यंत्र जागच्या जागी राहिले तरी पंख धावतच असतात. ते चालविण्यास दोन्ही हात व दोन्ही पाय एकाच वेळी लागतात. डाव्या हातातील दांडा वर ओढला की सर्व पात्यांचा कोन एकदम वाढतो व यंत्र वर चढते; यास कलेक्टिव्ह म्हणतात. उजव्या हातातील दांडा, म्हणजे सायक्लिक, ज्या दिशेस कलवावा त्या दिशेस यंत्र जाते. पायांखालच्या पेडलांनी शेपटीवरील छोट्या पंख्याचा जोर कमीजास्त होतो व नाक डावीउजवीकडे वळते. गंमत अशी की यांपैकी एकास हात लावला की बाकीचे दोन्ही बिघडतात. कलेक्टिव्ह उचलला की नाक एका बाजूस वळू लागते, ते पायाने सावरावे. पायाने सावरले की यंत्र सरकू लागते, ते सायक्लिकने धरावे. त्यातही सर्व यंत्रे सारखी नाहीत. फ्रेंच आराखड्याच्या आपल्या चेतक हेलिकॉप्टरचा पंखा वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, तर बहुतेक अमेरिकन यंत्रांचा त्याच्या उलट. म्हणून एकात जो पाय दाबावयाचा, त्याच्या नेमका उलट दुसऱ्यात.

नवशिक्यास सर्वांत कठीण जाते ते पुढे जाणे नव्हे, तर जमिनीपासून पाच-सात फुटांवर स्थिर उभे राहणे. यंत्र थोडे उजवीकडे सरकले की तो दांडा डावीकडे ढकलतो. परिणाम दिसण्यास क्षणभर लागतो, तेवढ्यात तो आणखी ढकलतो, आणि मग यंत्र झोपाळ्यासारखे हेलकावू लागते. शिक्षक यावर एक युक्ती योजतो. आरंभी तो विद्यार्थ्यास केवळ पेडले देतो व दोन्ही दांडे स्वतःकडे ठेवतो. नंतर केवळ कलेक्टिव्ह, नंतर केवळ सायक्लिक, आणि मगच तिन्ही एकत्र. बहुतेकांस काही तासांच्या सरावानंतर एके दिवशी ते अचानक साधते. कसे साधले ते त्यांस सांगता येत नाही. शिक्षकास मात्र ते सांगता आलेच पाहिजे, आणि येथेच त्याच्या विद्येचा आरंभ होतो.

शिकविणे ही उडण्याहून वेगळी विद्या आहे हे विमानविद्येसही एकदम उमगले नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये शिकविण्याचे काम बहुधा आघाडीवरून थकूनभागून परतलेल्या, नाहीतर नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या वैमानिकांकडे येई. कसे शिकवावे हे त्यांस कोणी सांगितलेलेच नसे. धोक्याच्या गोष्टी विद्यार्थ्यास निषिद्ध म्हणून सांगायच्या, दाखवायच्या नाहीत, अशी रीत होती. त्यामुळे मुले शिकतानाच प्राणास मुकत. 1917 साली रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने गॉस्पोर्ट येथे ही रीत उलटी केली. त्याने विद्यार्थ्यास वैमानिकाच्या मुख्य जागेवर बसविले, बोलण्यासाठी दोघांमध्ये नळी बसविली, आणि धोक्याची अवस्था कशी येते व तीतून बाहेर कसे पडावे हे मुद्दाम करून दाखविण्यास सुरुवात केली. शिक्षकांची वेगळी शाळा असावी ही कल्पना त्यामुळे रुजली. आपल्या देशात अशी शाळा 1948 साली अंबाला येथे निघाली व 1954 साली मद्रासजवळ तांबरम येथे गेली. हवाई दल, लष्कर व नौदल या तिन्हींचे वैमानिक तेथे शिक्षक होण्यासाठी येतात, मित्रराष्ट्रांचेही येतात.

तांबरमपर्यंतची वाट लांब आहे. बारावीनंतर खडकवासल्याच्या प्रबोधिनीत गेलेल्या तरुणाची तीन वर्षे तेथे जातात. मग आपल्या जवळच्याच दुंडिगल येथील वायुसेना अकादमीत तो प्रथम साध्या विमानावर उडण्यास शिकतो, आणि हेलिकॉप्टरसाठी निवड झाल्यास हकीमपेठेस येतो. लष्कराचे हेलिकॉप्टर वैमानिक नाशिक येथे व नौदलाचे अरक्कोणम येथे शिकतात. छातीवर पंखांचे चिन्ह लागले म्हणजे शिक्षण संपले असे घरच्यांस वाटते. वस्तुतः तो आता कोठे कामास लागतो. डोंगरातील चौक्यांवर रसद पोचविणे, महापुरात गच्चीवरून माणसे उचलणे, सियाचीनच्या बाजूस सुमारे 20,000 फुटांवरील विरळ हवेत चीता हेलिकॉप्टर उतरविणे, अशा कामांत काही वर्षे काढल्यावर, आणि वरिष्ठांस तो स्थिरबुद्धीचा दिसल्यावरच, शिक्षक होण्याची परीक्षा त्याच्यासमोर येते.

तेथे त्यास पुन्हा विद्यार्थी व्हावे लागते, आणि अनुभवी माणसास हे जड जाते. बहुतेक हेलिकॉप्टरांत मुख्य वैमानिक उजवीकडे बसतो. ती जागा आता शिष्याची. म्हणून शिक्षक डावीकडे सरकतो आणि वर्षानुवर्षे अंगवळणी पडलेले सर्व अंदाज, जमीन किती खाली आहे, नाक कोठे आहे, हे नव्या जागेवरून पुन्हा बसवितो. त्याहून अवघड म्हणजे ज्यास या लोकांत पॅटर म्हणतात ती बोलण्याची कला. हात जे करीत आहेत तेच, त्याच क्षणी, मोजक्या शब्दांत तोंडाने सांगावयाचे. शब्द आधी गेला तर विद्यार्थी घाईने हालचाल करतो. मागाहून गेला तर हालचाल होऊन गेलेली असते. आपल्याकडील कीर्तनकार किंवा तबल्याचे उस्ताद यांस या बंधनाची कल्पना चटकन येईल. ही वाक्ये घोकून, खोलीत खुर्चीवर बसून, मग हवेत दुसऱ्या शिक्षकास विद्यार्थी समजून म्हणावी लागतात. तो ‘विद्यार्थी’ मुद्दाम नवशिक्यांच्या चुका करून दाखवितो, आणि नव्या शिक्षकाने त्या ओळखावयाच्या असतात. यंत्र कोणाच्या हाती आहे याविषयी शंका राहू नये म्हणून ‘यू हॅव कंट्रोल’, ‘आय हॅव कंट्रोल’ ही ठरलेली वाक्ये दोघांनीही मोठ्याने म्हणावयाची असा दंडक आहे. दोघेही धरून आहेत, किंवा कोणीच धरलेले नाही, या दोन्ही अवस्था सारख्याच घातक.

परंतु या साऱ्या विद्येचे मर्म आम्हांस एकाच गोष्टीत दिसते: हात केव्हा पुढे करावयाचा. पोळ्या शिकविणाऱ्या आईस हे ठाऊक आहे. पोळी वाकडी होणार हे दिसत असूनही ती लाटणे हिसकावून घेत नाही. पण ओढणी चुलीकडे चालली की क्षणाचाही विलंब लावीत नाही. शिक्षक फार लवकर दांडा धरील तर विद्यार्थ्यास स्वतःची चूक कधीच दिसणार नाही व ती सुधारण्याचा धीरही येणार नाही. फार उशिरा धरील तर दोघांचाही शेवट. इंजिन बंद पडल्यावर उतरण्याचा अभ्यास घ्या. इंजिन गेले तरी हेलिकॉप्टर दगडासारखे पडत नाही. कलेक्टिव्ह तत्काळ खाली केला तर खालून वर येणारी हवाच पंखा फिरवीत ठेवते. जमिनीजवळ नाक उचलून वेग मारावयाचा आणि पंख्यात साठलेल्या फेऱ्यांच्या बळावर, अखेरच्या क्षणी कलेक्टिव्ह ओढून, अलगद टेकावयाचे. ही साठवण एकदाच खर्च करता येते. चार हात उंचीवर असतानाच ती संपविली तर पुढे काही उरत नाही. हा पाठ शिकविणारा माणूस गुडघ्यांवर हात ठेवून निवांत बसलेला दिसतो. प्रत्यक्षात त्याची बोटे दांड्यापासून इंचभर अंतरावर असतात.

अमेरिकेतील रीत निराळी आहे व तिची तुलना उद्बोधक वाटते. तेथे नागरी विद्यार्थी स्वतःच्या खर्चाने शिकतो, आणि पुढील नोकरीस लागणारे उड्डाणाचे तास गाठीस बांधण्यासाठी लगेचच शिक्षक होतो. म्हणजे तेथे शिकविणे ही पहिली पायरी आहे. तेथील शाळांत रॉबिन्सन आर-22 हे दोन आसनांचे छोटे यंत्र पुष्कळ वापरले जाते. त्याचा पंखा इतका हलका की इंजिन गेल्यावर कलेक्टिव्ह खाली करण्यास सेकंद-दीड सेकंदच मिळतो. या यंत्राच्या प्राणघातक अपघातांनंतर 1995 साली तेथील सरकारने खास नियम केला, की त्यावर शिकविणाऱ्याचे हेलिकॉप्टरवरील किमान 200 तास झालेले असावेत व त्यांपैकी 50 त्याच यंत्रावरचे असावेत. नवा शिक्षक नुकताच त्या अडचणींतून गेलेला असतो, म्हणून तो विद्यार्थ्यास जवळचा वाटतो, हे खरे. तथापि 200 तासांचा माणूस दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी घेतो, यापेक्षा आपल्या सैन्यदलांची वर्षानुवर्षे थांबविण्याची पद्धत आम्हांस अधिक पसंत आहे. परदेशी शिक्षणासाठी कर्ज काढू पाहणाऱ्या पालकांनी मुलास शिकविणाराचे स्वतःचे तास किती, हे फीच्या आकड्याआधी विचारावे.

मुलींच्या आयांसाठी एक गोष्ट सांगतो. 2003 साली हवाई दलात दाखल झालेल्या शालिझा धामी या चेतक व चीता चालविणाऱ्या अधिकारी हवाई दलातील पहिल्या महिला उड्डाण-प्रशिक्षक होत. 2019 साली त्या हिंडन येथील चेतक तुकडीच्या फ्लाइट कमांडर झाल्या. खडकवासल्याचे दारही आता मुलींस उघडे आहे. 2022 साली आत गेलेली पहिली तुकडी 2025 च्या मे महिन्यात बाहेर पडली.

शिक्षकाच्या कामातील सर्वांत कठीण दिवस म्हणजे विद्यार्थ्यास प्रथम एकटे सोडण्याचा. त्याआधी एक गोष्ट त्यास बजावून सांगावी लागते. लहान हेलिकॉप्टरात शेजारचा माणूस उतरला की एकूण वजनाचा मोठा भाग जातो व तोल उजवीकडे झुकतो. नेहमीइतकाच कलेक्टिव्ह उचलला तर यंत्र अपेक्षेहून झटकन वर येते, आणि डावी बाजू आधी सुटते. म्हणून सायक्लिक किंचित डावीकडे धरावयाचा व अगदी सावकाश उचलावयाचे. एवढे सांगून शिक्षक रिकाम्या आसनाचे पट्टे बांधून ठेवतो, ते सुटून दांड्यात अडकू नयेत म्हणून हाताने ओढून पाहतो, दार लावतो, आणि वाकून पंख्याखालून समोरच्या बाजूने, विद्यार्थ्यास दिसेल असा, गवतात जाऊन उभा राहतो.