सेल्फ फिरतो, पण गाडी स्टार्ट होत नाही: पार्ट बदलण्याआधी निदान करा

एकोडीसारख्या गावात गॅरेज टाकायचं असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. इथं गिऱ्हाईक बोर्ड वाचून नाही, शेजाऱ्याचं ऐकून येतं. समजा, तुम्ही अंदाजाने काही हजारांचा फ्युएल पंप बदलला आणि दोष निघाला शे-दोनशेच्या रिलेत. पुढची गाडी थेट साकोलीला जाईल. म्हणून व्हिडिओतला क्रम इथे लिहून देतोय.

१. आधी विचारा. त्रास कधीपासून? गाडी थंड असताना की तापल्यावर? पेट्रोल कधी भरलं? काटा चुकीचं दाखवत असेल, तर टाकी रिकामीही असू शकते. गाडी बरेच दिवस उभी होती का? इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी ओढतं, हेही डोक्यात ठेवा.

२. मग ऐका. चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. बहुतेक इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाड्यांत टाकीतला पंप साधारण दोन सेकंद 'घूं' करतो. आवाज नसेल तर आधी फ्यूज, मग रिले. त्यानंतर जोडीदाराला चावी ऑन करायला सांगून पंपाच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावा. १२ व्होल्टच्या आसपास येतंय, अर्थिंगही ठीक आहे, तरी पंप गप्प? तेव्हाच पंप खराब म्हणा.

३. मग मोजा. आवाज आला म्हणजे प्रेशर आहे असं नाही. गेज लावा. अनेक गाड्यांत ३ ते ४ बार असतं. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा. प्रेशर कमी असेल तर फिल्टर, रेग्युलेटर, पंप तपासा. बंद केल्यावर झटकन उतरलं, तर कुठेतरी गळती आहे. प्रेशर बरोबर असेल तर स्पार्क आणि इंजेक्टरकडे वळा.

४. स्कॅनर शेवटचा शब्द नाही. 'पी०१७१' कोड सांगतो की मिश्रणात इंधन कमी पडतंय. कारण पंप असेल, किंवा फाटलेला हवेचा पाइपही असेल.

जिवाशी खेळ नको. लाइन खोलण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालवा, ते सुरूच होत नसेल तर थोडा सेल्फ मारा. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. बिडी-काडी लांब, अग्निशामक जवळ. कॉमन रेल डिझेलमध्ये प्रेशर हजार बारच्याही वर जातं. चालू इंजिनवर पाइप ढिला करायचा नाही, गळती हाताने चाचपायची नाही.

आता धंद्याचं. तपासणीचे पैसे वेगळे घ्या, पण गाडीला हात लावण्याआधी सांगा. जॉब कार्डवर व्होल्टेज आणि प्रेशर लिहा, जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्या. धानाचे पैसे हाती आल्यावर बिल देणारा शेतकरीसुद्धा लिहिलेला आकडा मानतो.

या आठवड्याचं काम: चालू स्थितीतल्या तीन गाड्यांचं प्रेशर मोजून वहीत लिहा. चांगली गाडी कशी असते हे कळलं, तरच बिघडलेली ओळखता येते.