ज्वारीचा वाफसा

प्रश्न : घरी धिंगरी अळिंबी लावते. बियाणं, म्हणजे स्पॉन, प्रत्येक वेळी विकत आणण्यापेक्षा घरीच करावं म्हणून दोनदा ज्वारी उकडली. पहिल्या खेपेला पिशव्यांत चिकट पाणी सुटलं आणि आंबूस वास आला. दुसऱ्या खेपेला कमी उकडली, तर पांढरे धागे अर्ध्यावर येऊन थांबले. व्हिडिओत कुणी वीस मिनिटं सांगतं, कुणी चाळीस. नेमकी किती वेळ उकडायची?
— एक वाचक, निमगाव केतकी, ता. इंदापूर

उत्तर : ताई, मिनिटं विचारू नका. नवी ज्वारी लवकर मऊ होते, वर्षभर कणगीत राहिलेली वेळ घेते. मालदांडीचा टपोरा दाणा आणि संकरित ज्वारीचा बारीक दाणा एकाच आधणात सारखे शिजत नाहीत. रात्रभर भिजवलेली आणि तशीच टाकलेली यांतही फरक पडतो. व्हिडिओतला माणूस खोटं बोलत नसेल, पण तो त्याच्या ज्वारीबद्दल बोलतोय.

तुम्हाला जे साधायचं आहे त्याला आपल्याकडे आधीपासून एक शब्द आहे : वाफसा. पाऊस पडून गेल्यावर जमिनीत ओल असते, पण ढेकळांच्या फटींत हवाही खेळत असते. मूठभर माती दाबली तर गोळा होतो, तळहाताला चिखल लागत नाही. स्पॉनच्या दाण्याचं तेच आहे. पाणी दाण्याच्या पोटात हवं आणि दाण्यादाण्यांमध्ये हवा. बुरशीचा धागा पोटातलं पाणी ओढून वाढतो आणि फटींतल्या हवेवर श्वास घेतो. पहिल्या खेपेला तुमच्याकडे चिखल झाला, दुसऱ्या खेपेला पेरणी कोरड्यात झाली.

आंबूस वास आला तो जिवाणूंचा. धान्यावर बॅसिलस जातीचे जिवाणू असतातच, आणि त्यांचे बीजाणू फार चिवट, साध्या उकळीला दाद देत नाहीत. म्हणून ज्वारी धुऊन, वर तरंगणारे पोचट दाणे काढून, रात्रभर, साधारण बारा तास भिजत घालायची. भिजल्यावर झोपलेले बीजाणू जागे होतात आणि जागा झालेला जिवाणू पुढे कुकरमध्ये सहज मरतो. भिजवण्याचा हा खरा फायदा. मऊपणा येतो तो वरकड. मार्चनंतर आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे पाणी रात्रीतच आंबायला लागतं. तेव्हा मधे एकदा बदला, किंवा सरळ नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच हे काम करा. धिंगरीलाही तेच दिवस मानवतात.

आता उकडणं. बारशाच्या घुगऱ्या आपण मऊसूत करतो. अळिंबीच्या घुगऱ्या तशा केल्या की काम बिघडलं. मंद आचेवर ठेवा आणि दर पाच मिनिटांनी दहा दाणे काढून नखाने चिरा. आत पांढरा, खडूसारखा कोरडा ठिपका दिसतो तोवर शिजू द्या. ठिपका गेला आणि साल अजून शाबूत आहे, तो क्षण गाठायचा. शंभरात चार-पाच दाणे फुटले तर चालतील. त्याहून जास्त फुटले की पिठूळ पाणी बाहेर येतं, दाणे एकमेकांना चिकटतात आणि जिवाणूंची चंगळ होते.

उतरवली की चाळणीत निथळा आणि सावलीत स्वच्छ सुती कापडावर पसरा. जुनं धोतर उत्तम. नायलॉनची साडी पाणी शोषत नाही. वरची ओल किती वेळात जाईल हेही हवेवर आहे. इंदापूरकडच्या कोरड्या वाऱ्यात अर्ध्या तासात दाणा मोकळा होतो, पावसाळी हवेत दोन तास पंखा लावूनही होत नाही. मूठभर दाणे वर्तमानपत्राच्या कागदावर दाबा. कागद ओला दिसला तर थांबा.

आणि मग ती वस्तू जी व्हिडिओत क्वचितच दिसते : वजनकाटा. बाजारातल्या सुक्या ज्वारीत साधारण 10 ते 12 टक्के पाणी असतं. 12 धरलं, तर एक किलोत 880 ग्रॅम कोरडा भाग आणि 120 ग्रॅम पाणी. स्पॉनसाठी दाण्यात 45 ते 50 टक्के पाणी लागतं. कोरडा भाग तेवढाच राहतो, म्हणून 45 टक्क्यांना एकूण वजन 1 किलो 600 ग्रॅम येतं आणि 50 टक्क्यांना 1 किलो 760. थोडक्यात, किलोभर ज्वारी पसरून सुकल्यावर 1.6 ते 1.75 किलो भरली पाहिजे. दीड किलोच्या आत राहिली तर पाच मिनिटं परत गरम पाण्यात. 1.8 च्या पुढे गेली तर आणखी पसरू द्या. मात्र काटा सरासरी सांगतो; आतून कच्चा आणि वरून ओला दाणाही 1.7 किलो भरू शकतो. म्हणून नख, कागद आणि काटा, तिघांचीही साक्ष घ्या.

यानंतर किलोभर उकडलेल्या दाण्याला 20 ग्रॅम जिप्सम आणि 5 ग्रॅम खडूची भुकटी चोळा. जिप्समने दाणे सुटे राहतात, खडू आंबटपणा आवरतो. चोपण जमिनीत आपण टाकतो तेच हे जिप्सम, फक्त स्वच्छ, चाळलेलं घ्या. जास्त पाण्याने काय होतं हे नीरा डाव्या कालव्याखालच्या माणसाला मी काय सांगू? पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान 1910 च्या सुमारासच नीरेच्या खोऱ्यातल्या खारट जमिनींवर लिहून गेले आहेत.

पिशवी पॉलिप्रॉपिलीनची हवी, साधी प्लॅस्टिकची कुकरमध्ये वितळते. दोन तृतीयांशच भरा, तोंडाला कापसाचा बोळा लावा आणि बोळा भिजू नये म्हणून वर कागद बांधा. तुमचे धागे अर्ध्यावर थांबले त्याला कोरडेपणाइतकंच गच्च भरणंही कारण असू शकतं. कुकरमध्ये जाळीवर ठेवून पूर्ण दाबाला, म्हणजे 121 अंशांना, दीड तास. तळाशी पाणी भरपूर घाला, रिकामा कुकर जीवावर बेततो. या दीड तासात पिशवीतलं पाणी कुठे जात नाही; चुकीची ओल भरली तर तीच निर्जंतुक होऊन बाहेर येते. पिशवी गार झाली की हलवून बघा, दाणे सुटे खळखळले पाहिजेत.

आधीच्या आंबलेल्या पिशव्या स्वयंपाकघरात उघडू नका. बंदच वाफवा आणि खड्ड्यात पुरा. कोंबड्यांना तर मुळीच घालू नका.

एक मत माझं स्वतःचं, राग मानू नका. महिन्याला पाच-दहा बेड लावणाऱ्याने स्पॉन घरी करण्यात पैसे फारसे वाचत नाहीत. शिकण्याची हौस असेल तर जरूर करा, पण मूळ बियाणं खात्रीचं आणा. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीचा अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प आहे. जवळ म्हणाल तर बारामतीत शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात आधी चौकशी करा.

प्रश्न : ज्वारीऐवजी गहू, बाजरी किंवा उसाचं चिपाड चालेल का? पेरणीचं उरलेलं बियाणं घरात आहे, ते वापरू का?
— एक वाचक, बारामती

उत्तर : शेवटचं आधी. पेरणीचं बियाणं अजिबात नको. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, आणि अळिंबी ही बुरशीच. साठवणीला बोरिक पावडर लावलेलं धान्यही टाळा.

गहू चालतो. धान्यावर स्पॉन करण्याचं पेटंट जेम्स सिंडेन यांनी 1932 मध्ये अमेरिकेत घेतलं, त्याआधी घोड्याच्या लिदीवर वाढवलेल्या विटा बियाणं म्हणून विकल्या जात. पण गव्हाची साल लवकर फुटते, तेव्हा नखाची परीक्षा जरा आधीच सुरू करा. बाजरीचा दाणा बारीक, म्हणून किलोत दाणे जास्त आणि बेडमध्ये धागा सुटण्याच्या जागाही जास्त. मात्र ती फार पटकन गोळा होते, पसरून सुकवायला धीर लागतो. चिपाडाचं काम वेगळं : ते बेडमध्ये भरायचं, बियाण्याच्या पिशवीत नाही. आणि बेडमधलं चिपाड किंवा काड किती ओलं हवं? मुठीत घट्ट पिळा. बोटांतून एखाददुसरा थेंब आला तर भरा, धार लागली तर तासभर आणखी निथळू द्या.